छापा पडला तर चिठ्ठी

आमच्या पोलीस ठाण्याचे माणिक जमादार रोज सकाळी साडेनऊला माझ्या दुकानासमोर उभे राहून नाणं उडवायचे. अंगावर खाकी, काखेत कागदांची पिशवी, डोळे आभाळाकडं. नाणं हातावर झेलायचं, दुसऱ्या हातानं झाकायचं, हळूच उघडून बघायचं आणि माझ्याकडं तोंड करून ओरडायचं. "छापा!" म्हणाले की मी संगणकावर बसायचे. "काटा!" म्हणाले की मी चहाचा घोट घ्यायचे.

कोर्टात नवीन आलेल्या एका वकिलांनी हे तीन दिवस बघितलं. चौथ्या दिवशी त्यांनी मला आडोशाला घेऊन हळूच विचारलं, "बाई, इथं आकडा कोण घेतं?" मी म्हटलं, "मटका नाही हो वकीलसाहेब, संशोधन आहे." त्यांचा चेहरा बघण्यासारखा झाला. मटका म्हटलं असतं तर त्यांचा लवकर विश्वास बसला असता.

माझं दुकान कोर्टाच्या फाटकासमोर आहे. झेरॉक्स, टायपिंग, लॅमिनेशन, आणि लग्नसराईत पत्रिका. गाव परभणी जिल्ह्यातलंच, तालुक्याचं. नाव सांगत नाही. कोर्टाचा विषय आहे, उद्या माझ्याच नावानं समन्स निघायचं. आमचे मालक, म्हणजे माझे यजमान, झरीला शाळेवर मास्तर आहेत, रोज जाऊन-येऊन करतात, त्यामुळं दिवसभर दुकानाची मालकी माझ्याकडं आणि जिभेची पण.

जमादारांचं काम समन्स पोचवण्याचं. समन्स म्हणजे कोर्टाचं बोलावणं. अमुक खटल्यात तुम्ही साक्षीदार आहात, तमुक तारखेला हजर राहा, असा तो कागद. तो गावोगाव न्यायचा, ज्याचं नाव आहे त्याला वाचून दाखवायचा, सही नाहीतर अंगठा घ्यायचा आणि परत यायचं. ठाण्यात ह्या कामाला कुणी उठून उभं राहत नाही. चोर पकडणाऱ्याचा पेपरात फोटो येतो, समन्स वाटणाऱ्याच्या मागं कुत्री लागतात. जमादारांनी मात्र हे काम बारा वर्षं हट्टानं स्वतःकडं ठेवलं होतं.

माणूस कसा आहे हे त्यांच्या एका वाक्यावरून कळतं. कुणी काहीही बोललं की जमादार मान तिरकी करून म्हणणार, "हे म्हणणं झालं. बघितलं का?"

चहाच्या हॉटेलात कुणी बोललं, की पोळ्याच्या टायमाला चोऱ्या लय वाढतात. "हे म्हणणं झालं. बघितलं का?" कुणी म्हणालं, पूर्णेची गाडी रोजच लेट येते. "रोज? बघितलं का?" हॉटेलवाला बेजार झाला होता. जमादार आत आले की गिऱ्हाईक गप्प व्हायचं, आणि गप्प बसून कुणी दुसरा चहा मागवत नाही. डॉक्टरांनी एकदा सांगितलं, जमादार, वजन वाढलंय. ह्यांनी तिथंच विचारलं, बघितलं का? डॉक्टरांनी काट्यावर उभं केलं. वजन खरंच वाढलं होतं. जमादार इतके खूश झाले, की हॉटेलात येऊन सगळ्यांना सांगत सुटले, "डाक्टर खरं बोलला बगा!"

त्यांच्या घरी मी एकदा हळदीकुंकवाला गेले होते. वहिनींना म्हटलं, कसं काय चालवून घेता? त्या म्हणाल्या, "अवो, मला बघायला दोनदा आलते. दुसऱ्यांदा कामून, तर पहिल्यांदा बरोबर बघितलं का ते बघायला. माझे बाप म्हणले, ह्यो पोरगा तिसऱ्यांदा यायच्या आत लगीन लावून टाका."

तर ह्या माणसाच्या डोक्यात एक भुंगा शिरला होता. साक्षीदार कोर्टात येत का नाहीत?

पुकारा व्हायचा, नाव घुमायचं, आणि कुणी उठायचं नाही. खटला पुढच्या तारखेवर. पुढच्या तारखेला पुन्हा तेच. मग कोर्टाचं वॉरंट निघायचं, म्हणजे ज्याची चूक काही नाही अशा माणसाला पोलिसांनी धरून आणायचं. ठाण्यात विचारलं तर उत्तर तयार असायचं. साक्षीदार फुटतात. आरोपी दमदाटी करतात. माणसं पैसे खाऊन बसतात. दोन वॉरंटं काढा, बरोबर येतात. सगळ्यांचं एकमत.

जमादारांनी दोनशेपानी वही घेतली. जो साक्षीदार आला नाही, त्याच्या दारात जाऊन विचारायचं, "कामून आला न्हाईत?" आणि तो जे म्हणेल ते तसंच्या तसं लिहायचं. ती वही मी वाचली आहे. हसून हसून माझ्या डोळ्यात पाणी आलं आणि मग हसू थांबलं.

एकानं सांगितलं होतं, "त्या दिवशी बाजार व्हता. बाजार सोडून कोर्टात कोण येतंय?" दुसरा म्हणाला, कापूस वेचायला बाया मिळाल्या होत्या, त्या पुन्हा मिळत नाहीत. एकाची म्हैस व्यायली होती. एक म्हणाला, नाव पुकारलं ज्ञानदेव, मला जन्मापासून बाळू म्हणतेत, मी बसलो त्या ज्ञानदेवाची वाट बघत. दमदाटी झालेले दोघेतिघे होते, त्यांचंही सगळं नीट लिहिलेलं होतं. आणि एका म्हाताऱ्यानं सांगितलं होतं, "आलतो की! दिस उगवायला निघालो. फाटकापशी सांजच्यापस्तोर बसलो. आत या असं कुणी म्हणलंच न्हाई." त्या माणसाच्या नावापुढं कोर्टाच्या कागदावर 'गैरहजर' होतं. तो माझ्या दुकानासमोर दिवसभर बसला असणार. मीच त्याला चार वेळा बाजूला सरकायला सांगितलं असणार, कारण गिऱ्हाइकाला वाट हवी. ते वाचून मला स्वतःचीच लाज वाटली.

अशात विद्यापीठातल्या देवयानी मॅडम आल्या. साक्षीदार कोर्टापर्यंत का पोचत नाहीत, ह्यावर त्यांचा अभ्यास चालू होता. छापील प्रश्नावली घेऊन आल्या होत्या. कारणाच्या रकान्यात (अ) धमकी, (ब) आमिष, (क) इतर. जमादारांना त्यांच्याबरोबर गावं फिरायला दिलं. दुसऱ्याच दिवशी दोघं माझ्या बाकड्यावर येऊन बसले. सगळ्या खुणा (क) वर. जमादार मॅडमना म्हणाले, "मॅडम, राग मानू नका. तुमचं हे 'इतर' लय लहान हाय. सगळा जिल्हा त्यातच ऱ्हातोय."

मला वाटलं, आता बाई भडकणार. त्या कागदाकडं बघत राहिल्या, मग जोरात हसल्या. प्रश्नावल्यांचा गठ्ठा उलटा केला आणि म्हणाल्या, "दाखवा तुमची वही." मी शटर अर्ध्यावर आणलं तरी त्या वाचतच होत्या.

तिथून चिठ्ठीची सुरुवात झाली. समन्स आहे तसंच जाईल, कोर्टाच्या कागदाला हात लावायचा नाही. त्याच्यासोबत साध्या बोलीतली एक चिठ्ठी द्यायची. जिल्ह्याच्या मोठ्या साहेबांनी परवानगी दिली. मजकूर जमादारांनी सांगितला, टाइप मी केला.

आता इथं माझी चूक झाली, ती कबूल करते. लग्नसराई होती. संगणकावर पत्रिकेचा नमुना उघडाच होता. म्हटलं, महिरप छान आहे, ठेवू. मजकूर बदलला आणि पहिल्या गठ्ठ्याची छपाई करून दिली. खाली बारीक अक्षरात 'सहकुटुंब सहपरिवार अगत्य येण्याचे करावे' ही ओळ तशीच राहिली.

त्या तारखेला कोर्टाच्या फाटकात टेम्पो येऊन थांबला. मारामारीच्या खटल्यातला एकटा साक्षीदार हवा होता. तो आला, त्याची बायको आली, दोन सुना, तीन नातवंडं, व्याही आणि नवीन फेटा बांधलेले चुलते आले. समन्स त्यांनी पेटीत ठेवलं होतं, माझी चिठ्ठी दाराला लावली होती. साक्ष झाली. आणि साक्ष झाल्यावर चुलत्यांनी पिशवीतून टॉवेल-टोपी आणि नारळ काढला आणि जज्जसाहेबांकडं निघाले. पट्टेवाल्यानं मधेच अडवलं. "अवो, बोलावलं म्हणल्यावर हात हलवत यायचं का?" चुलते भांडायला लागले. जज्जसाहेबांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला आणि पाच मिनिटं आत जाऊन बसले. आत ते काय करत होते हे पट्टेवाल्यानं नंतर सांगितलं. हसत होते.

मी तोंड लपवून बसले होते. जमादार आले, म्हणाले, "बाई, हजेरी लय भारी झाली. पण आता कळंना, लोकं चिठ्ठीला आले का आहेराला. महिरप काढा."

महिरप काढली. मग साध्या पांढऱ्या कागदावर, मोठ्या अक्षरात, ही चिठ्ठी ठरली. "तुम्ही साक्षीदार आहात. तुमच्यावर कसलाही आरोप नाही. तुम्हाला अटक होणार नाही. या तारखेला सकाळी अकराच्या आत या. फाटकाशी थांबू नका, सरळ आत या. आत बाकडं आहे, त्यावर बसा. समन्सवर जे नाव आहे त्याच नावानं पुकारा होईल. भाकरी बांधून आणा. पाणी आत आहे. यायचं-जायचं भाडं मिळतं, मागून घ्या." त्याखाली त्या गावाच्या एसटीची वेळ. प्रत्येक शब्दावर जमादारांनी माझ्याशी भांडण केलं. मी 'उपस्थित' लिहिलं तर त्यांनी खोडलं. "उपस्थित सायेब ऱ्हातेत, माणसं येतेत."

आता हे वाटायला निघणार तेवढ्यात मॅडमनी विचारलं, "जमादार, ही चिठ्ठी कुणाला देणार?"

"ज्याला गरज हाय त्याला."

"ते तुम्ही ठरवणार. म्हणजे तुम्हाला जो बरा वाटेल त्याला देणार. तो कदाचित तसाही आला असता. मग चिठ्ठीनं आला हे कशावरून?" मॅडमनी मान तिरकी केली. "हे तुमचं म्हणणं झालं, जमादार. बघितलं का?"

बारा वर्षांत जमादारांना त्यांचंच वाक्य कुणी ऐकवलं नव्हतं. कुणाला द्यायची ते नाण्याला ठरवू द्या, असं मॅडम म्हणाल्या, तसं त्यांनी खिशातून नाणं काढून मॅडमपुढं धरलं आणि शिकवा म्हणाले.

पद्धत अशी. पाच नावांची समन्सं आली तर नाणं पाच वेळा उडवायचं. छापा पडला तर त्या नावाला समन्स आणि चिठ्ठी. काटा पडला तर नुसतं समन्स, वर एक शब्द सांगायचा नाही. जे पडेल ते वहीत लिहायचं आणि मी बाजूला सही करायची. शेवटी बघायचं, चिठ्ठीवाले जास्त येतात का बिनचिठ्ठीवाले. जमादार ह्या नियमाला असे चिकटले, की सख्ख्या मेहुण्याला काटा पडला तर मेहुण्यालाही चिठ्ठी दिली नाही. वहिनी दोन दिवस बोलल्या नाहीत. जमादार म्हणाले, "वही स्वच्छ ऱ्हायला पायजे. घर हाय, बोलंल नंतर."

वही स्वच्छ राहण्यावर सगळं अवलंबून होतं. ठाण्यातली माणसं चिठ्ठीला पोरखेळ म्हणत होती. मोठ्या साहेबांनी मात्र सांगितलं होतं, परभणीला सगळ्या ठाण्यांच्या बैठकीत वही आणा. फरक दिसला तर जिल्ह्यातल्या प्रत्येक ठाण्याला चिठ्ठी लागू करू. नाही तर विषय बंद. आणि बैठकीच्या महिनाअखेरीला जमादार रिटायर होणार होते. ते गेल्यावर ही चिठ्ठी कुणी हातात धरली नसती. हे त्यांनाही माहीत होतं, मलाही.

आता काशीबाईचं सांगते.

काशीबाई एका वस्तीवर एकटी राहणारी म्हातारी. तिच्या दोन शेळ्या चोरीला गेल्या होत्या. चोर सापडला, शेळ्या सापडल्या, खटला उभा राहिला. फिर्यादी तीच आणि साक्षीदारही तीच. दोन तारखांना आली नव्हती. तिसरं समन्स निघालं तेव्हा नाण्याचं चालू होतं. जमादारांनी तिच्या नावानं नाणं उडवलं. झाकलं. उघडलं. आणि नेहमीसारखं ओरडले नाहीत.

मी विचारलं, "काय पडलं?"

"काटा."

एकटी बाई, वय झालेलं, दोनदा चुकलेली. मी म्हटलं, "जमादार, पुन्हा उडवा. कोण बघायलंय?"

"बाई, मी बघायलोय की," ते म्हणाले, आणि वही माझ्यापुढं सहीला धरली. मी रागारागानं सही केली. इतकी दाबून, की मागच्या पानावर उमटली.

त्या दिवशी दुपारी ते परत आले आणि चहा नको म्हणाले. चहा नको म्हणणारे जमादार मी पहिल्यांदा बघितले. पुढचे आठ-दहा दिवस कुणी काहीही बोललं तरी 'बघितलं का' नाही. हॉटेलवाल्यानं धास्तीनं मला विचारलं, जमादाराला साखरबिखर निघाली का काय? वहिनींना विचारलं तर म्हणाल्या, "जेवताना ताटाकडं बघत बसतेत. भाकरी मोडतेत आन् तशीच ठेवतेत."

काशीबाईच्या तारखेला मी दुकान उघडून केरसुणी हातात घेतली होती. एसटी थांबली. आधी जमादार उतरले. खाकी नाही, पांढरा सदरा आणि पायजमा. रजेवर होते. मग त्यांनी हात वर केला आणि त्या हाताला धरून एक बारीकशी म्हातारी उतरली. जमादारांनी तिच्या डोक्यावर छत्री धरली. माझ्यासमोरून गेले, पण माझ्याकडं बघितलं नाही. चोरासारखे गेले म्हणा ना. पोलीसच होते, पण गेले तसेच.

साक्ष झकास झाली. आरोपीच्या वकिलानं विचारलं, "शेळी तुमचीच कशावरून?" म्हातारी म्हणाली, "आणा तिला हितं. मी गप बसते. तीच सांगंल." सगळं कोर्ट हसलं.

दुपारी जमादार दुकानात आले, वही उघडली, काशीबाईच्या नावापुढं 'हजर' लिहिलं आणि लाल पेनानं त्याखाली लिहिलं, "मी स्वतः घरी जाऊन आणले. नियम मोडला." आणि वही सहीला पुढं केली.

मी म्हटलं, "वेडे झालात का? चिठ्ठी दिली नाही ना तिला? मग नुसतं हजर लिहा. एसटीत शेजारी कोण बसलं हे वहीत कशाला?"

"एसटीत बसलो, खरं हाय. पण घरून बी मीच आणलं."

"तुमच्या चिठ्ठीचं वाटोळं होईल. ठाण्यातले टपूनच बसलेत. म्हणतील, जमादार माणसं धरून आणतो आणि चिठ्ठीचं नाव सांगतो."

"व्हईल तर व्हईल."

मी चिडले. इतकी चिडले, की त्या दिवशी त्यांना चहा विचारला नाही. माझी पण मेहनत होती हो त्यात. महिरपीपासूनची.

बैठकीला मी गेले होते, चिठ्ठीचे नमुने दाखवायला आणि पडद्यावरची पानं पुढं सरकवायला. परभणीला मोठा हॉल, सगळीकडं खाकी, समोर मोठे साहेब, बाजूला देवयानी मॅडम. जमादारांना पहिल्यांदाच कॉलरला लावायचा माइक लावला होता. तो चालू असतो हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं.

एका ठाण्याचे प्रमुख उठले. म्हणाले, "सर, साक्षीदार का येत नाहीत हे आम्हाला वीस वर्षांपासून माहीत आहे. वॉरंट हाच उपाय आहे. ह्या चिठ्ठ्याबिठ्ठ्यांनी काही होत नाही."

जमादारांनी मान तिरकी केली आणि स्वतःशीच पुटपुटले. हॉलच्या चारही कोपऱ्यांतल्या कर्ण्यांतून आवाज आला, "हे म्हणणं झालं. बघितलं का?"

जमादारांनी घाबरून छताकडं बघितलं, आपलंच वाक्य वरून कोण बोललं म्हणून. मग मोठे साहेब हसले. ते हसले म्हटल्यावर बाकीच्यांनाही हसायची परवानगी मिळाली. प्रमुख साहेब खाली बसले.

मॅडमनी वहीतला हिशोब पडद्यावर दाखवला. ज्यांना चिठ्ठी मिळाली ते जास्त आले होते, ज्यांना मिळाली नाही ते कमी. फरक लांबूनही दिसत होता. आता साहेब हो म्हणणार, म्हणतीलच, असं झालं होतं आणि जमादार उभे राहिले.

"सायेब, एक नाव बिघडलेलं हाय."

मी डोळे मिटले.

"काटा पडला व्हता. नियमानं मी काही करायचं नव्हतं. मी घरी जाऊन आणलं त्या बाईला. वहीत लाल पेनानं लिहिलंय. हे माझ्या हातून झालं. चिठ्ठीचा त्यात दोष न्हाई."

"इतक्या नावांत ह्या एकाच नावाला का?" साहेबांनी विचारलं.

जमादार बोलायला लागले ते खाली बघत.

"सायेब, मी तिच्या अंगणात उभं राहून समन्स वाचलं. आपल्या कागदात असतं तसं. हजर राहावे, कसूर केल्यास अमुक-तमुक. दोन तारखा चुकलेल्या. तिनं सगळं ऐकून घेतलं. शेजारणीला हाक मारली. दावणीला एक करडू व्हतं, त्याची दोरी शेजारणीच्या हातात दिली. आत गेली. एक लुगडं आन् तंबाकूची डबी फडक्यात बांधली. चुलीवर भाकरी व्हती, ती काढली, चुलीत पाणी टाकलं. बाहीर येऊन माझ्यापुढं उभी ऱ्हायली आन् म्हणली, 'चला.'"

जमादार खालीच बघत पुढं सांगू लागले.

"मी म्हणलो, आज न्हाई, या तारखेला. तर ती म्हणली, 'मग तवर चूल पेटवू का?' सायेब, मी म्हणलो, पेटवा. आन् निघून आलो. काटा पडला व्हता म्हणून. एवढं बी सांगितलं न्हाई, की आज्जे, चोरी तुझी झालीय, तू चोर न्हाईस. रोज माझ्यापुढं ताट आलं की मला वाटायचं, तिकडं ती एकटी दिस मोजायली असंल. मला ऱ्हावलं न्हाई."

कर्ण्यांतून त्यांचा श्वास ऐकू येत होता. मी चष्मा काढून पदरानं पुसला. मला काय वाटलं ते सरळच सांगते, ह्या माणसावर चिडले होते त्याची मला इतकी लाज वाटली, की तिथंच जाऊन पाया पडावं.

साहेबांनी मॅडमकडं बघितलं. "हे नाव काढून टाकायचं का?"

"नाही," मॅडम म्हणाल्या. "काटा पडलेल्यांतच राहू द्या, हजर म्हणून. चिठ्ठीचा फायदा थोडा कमी दिसेल, पण खरा दिसेल. आणि तरीही फरक आहे, सर."

"मग अजून किती दिवस नाणं उडवायचं?"

"आता नको. कळलंय आपल्याला. आता सगळ्यांना द्या."

साहेबांनी तिथंच आदेश लिहायला सांगितला. प्रत्येक ठाणं, प्रत्येक साक्षीदार, समन्ससोबत चिठ्ठी. टाळ्या पडल्या. पहिली टाळी त्या वॉरंटवाल्या प्रमुख साहेबांची होती, हे मी बघितलं आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी दुकान उघडायच्या आत जमादार येऊन उभे. "बाई, एक चिठ्ठी काढा. काशीबाईच्या नावानं."

मी म्हटलं, "अहो, तिची साक्ष होऊन गेली. तिला आता कुठली तारीख आहे?"

"न्हाईच. तेच लिहायचंय."

त्यांनी सांगितलं, मी टाइप केलं. "काशीबाई यांना. तुमची साक्ष झाली. चांगली झाली. कोर्टाचं आता तुमच्याकडं काही काम न्हाई. तुम्हाला कुणी न्यायला येणार न्हाई." मी 'नाही' केलं नाही, 'न्हाई'च ठेवलं. तिला वाचता येत नव्हतं, वाचून दाखवायला तेच जाणार होते. कागदाची नीट घडी घालून सदऱ्याच्या वरच्या खिशात ठेवली आणि दहाच्या एसटीनं गेले.

दुपारी परत आले ते सरळ बाकड्यावर बसले. डोळे लाल, चेहरा मात्र हसरा.

"वाचली का?" मी विचारलं.

"वाचली. दोनदा वाचायला लावली."

"मग? काय म्हणली?"

जमादारांनी टोपी काढून मांडीवर ठेवली.

"म्हणली, बसा. च्या ठेवते."